दाखला जखमेचा, ओळख धम्माची



धम्मदीक्षा घेऊन घरी परतलेल्या कुटुंबाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. शेजारी तो विचारतो, शाळेतला कारकून विचारतो, भाड्याने खोली देणारा घरमालक विचारतो, आणि पुष्कळदा मागे राहिलेला आपलाच भाऊबंदही विचारतो: "तुम्ही आता कोण?" प्रश्न वरवर साधा दिसतो, पण विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असते. तुम्ही "आम्ही बौद्ध" असे म्हणालात की तो हसून म्हणतो, "ते ठीक, पण मूळचे कोण?" हा "मूळचे कोण" म्हणजेच जगाचे माप. जन्म, जात, पगार, वस्ती, कातडीचा रंग, यांखेरीज माणूस मोजण्याचे दुसरे साधन त्याच्यापाशी नाही. त्या मापाने मोजून घेण्याचे तुम्ही नाकारता की नाही, यावर तुमची दीक्षा खरी की नावापुरती हे ठरणार आहे.

आज आम्ही तुमच्यापुढे निराळ्या धर्माच्या माणसांचे उदाहरण ठेवणार आहोत. ते उदाहरण आहे आपल्या देशातील अस्पृश्य जातींतून ख्रिस्ती झालेल्या बांधवांचे. आपल्यापैकी काहीजण त्यांना "पोटासाठी बाटलेले" असे म्हणतात. हा शब्द तोंडी घेण्यापूर्वी थोडा विचार करा. "बाटणे" हे क्रियापद कोणाच्या शब्दकोशातले? ज्याने आपल्या सावलीने विहीर बाटते असे म्हटले, त्याच्याच. ज्याला आपला स्पर्श बाटवीत होता, त्यालाच आपले धर्मांतरही बाटणे वाटते. तो शब्द बौद्धाच्या तोंडी शोभत नाही.

ख्रिस्ती श्रद्धा माणसाला त्याच्या ओळखीविषयी काय सांगते, हे प्रथम प्रामाणिकपणे समजून घेऊ. ती सांगते की माणूस ईश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे. म्हणून त्याचे मोल त्याच्या कुळावर, धनावर किंवा लौकिकावर अवलंबून नाही. प्रेषित पौल याने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हे भेद ख्रिस्ताच्या ठायी उरत नाहीत, असे प्रतिपादन केले. हाच पौल जन्माने बन्यामिनाच्या वंशातला, शिक्षणाने परूशी. म्हणजे त्याच्या समाजात मानाचा धनी. फिलिप्पैकरांना लिहिताना त्याने ही सारी मानचिन्हे एकेक करून मोजली आणि कचऱ्यासमान ठरवून बाजूला सारली. ज्यांच्यापाशी टाकण्याजोगे काही नव्हते त्यांना या शिकवणीने मान दिला. ज्यांच्यापाशी पुष्कळ होते त्यांना ते टाकण्यास सांगितले.

महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टी घडल्या. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य 1831 साली सुरू झाले, आणि पुढे त्या जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य महार व मांग होते. त्यांच्या शेतमजुरीत एकाएकी फरक पडला नाही, गावकुसही लगेच हलले नाही. परंतु "देवाने मला हीन निर्माण केले" ही कल्पना त्यांच्या मनातून हलली. दुसऱ्या बाजूला 1895 साली चित्पावन ब्राह्मण कवी नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला. गोताने त्यांना दूर लोटले. कालपर्यंत ज्यांची सावली टाळावी असे शिकवले होते, त्यांच्या पंक्तीला ते बसले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळेओवळे कडक पाळणाऱ्या. त्यांनी पाच वर्षांनी, 1900 साली बाप्तिस्मा घेतला. पण त्याआधीच त्यांनी मनातली शिवाशीव विचारपूर्वक टाकून दिली होती, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावरून दिसते. वाचकहो, हा क्रम ध्यानात घ्या. आधी माप टाकले, मग नाव बदलले. आपल्यापैकी किती घरांत नाव आधी बदलले आणि माप अजून फडताळात जपून ठेवले आहे?

येथे आपला आणि त्यांचा मतभेद स्पष्ट सांगितला पाहिजे. आपण सृष्टिकर्ता मानत नाही. म्हणून "ईश्वराने मला मोल दिले" असे आपण म्हणू शकत नाही. बुद्धाच्या धम्मात माणूस जन्माने ब्राह्मण होत नाही आणि जन्माने वृषलही होत नाही, आचरणाने होतो. शाक्य कुळातील राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास आले, तेव्हा त्यांनी स्वतःच भगवंतांना विनंती केली की आमचा न्हावी उपाली याला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्य-अभिमान गळेल. भगवंतांनी तसे केले, आणि तोच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला. ख्रिस्ताचा मार्ग कृपेचा आहे, बुद्धाचा मार्ग प्रज्ञा आणि शील यांचा आहे. तत्त्वज्ञानात हे अंतर फार मोठे आहे आणि ते पुसण्याचे कारण नाही. परंतु एका मुद्द्यावर दोघेही जगाच्या विरोधात एकाच बाजूला उभे आहेत: माणसाची ओळख जग ठरवीत नाही.

मग बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म का स्वीकारला नाही? 1 जानेवारी 1938 रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांसमोर भाषण करताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांचे आपल्याला आकर्षण वाटते, हे मोकळेपणी सांगितले. त्याच भाषणात दक्षिणेतील ख्रिस्ती लोक चर्चमध्येही जातिभेद पाळतात आणि राजकीय हक्कांच्या बाबतीत हा समाज मागे राहिला आहे, हे दोन दोष त्यांनी दाखवले. आपल्या यजमानांच्या तोंडावर सत्य सांगण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते, आणि ते सत्य आजही संपलेले नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्ली येथील एका ख्रिस्ती दफनभूमीत मृतांनाही जातीनुसार वेगळे करणारी भिंत उभी राहिली. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलित-सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा आपल्या चर्चमध्ये अस्पृश्यता शिरलेली आहे हे स्वतःच मान्य केले. कबुली उशिरा आली, पण आली.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, "पाहा, धर्म बदलून काही होत नाही, जात पाठ सोडत नाही." हा निष्कर्ष आम्ही साफ अमान्य करतो. भिंत ज्याने बांधली, त्याने आपल्या श्रद्धेचा द्रोह केला; भिंतीच्या पलीकडे ज्याला पुरले, त्याची श्रद्धा त्यामुळे खोटी ठरत नाही. अपराध अपराध्याच्या माथी मारावा, फिर्यादीच्या नव्हे, हा न्यायाचा पहिला पाठ आहे.

आता राज्यसंस्थेने काय केले ते पाहा. संविधानाच्या 341 व्या अनुच्छेदाखाली 10 ऑगस्ट 1950 रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाचा आशय असा की हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. प्रारंभी पंजाबातील काही शीख जातींपुरता अपवाद होता. 1956 साली शीख धर्म त्यात समाविष्ट झाला आणि 1990 साली बौद्ध धर्म. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही दाराबाहेर आहेत.

हे दार आपल्याही तोंडावर बंद होते, हे नव्याने दीक्षा घेतलेल्यांना कदाचित ठाऊक नसेल. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला लाखो लोकांनी दीक्षा घेतली आणि त्याच क्षणी केंद्राच्या लेखी त्यांचे राखीव हक्क संपले. महाराष्ट्र शासनाने पुढे नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचे दार उघडण्यास 34 वर्षे लागली. त्या काळातला पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा प्रत्येक बौद्ध घरात समजावून सांगण्यासारखा आहे. राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आलेला उमेदवार बौद्ध झाला असल्याने त्या जागेस अपात्र आहे, असा तो वाद होता. न्यायालयाने असे ठरवले की जुना धर्म सोडून नवा स्वीकारल्याचे जाहीरपणे सांगणारा मनुष्य नव्या धर्माचाच समजला पाहिजे. एक जागा गेली. पण देशातील सर्वोच्च न्यायपीठाने एक गोष्ट कायमची लिहून ठेवली: आपली दीक्षा खरी आहे. आपल्याला हिंदू समाजाचा एक पंथ म्हणून गिळू पाहणाऱ्यांना यापेक्षा सडेतोड उत्तर नाही. जे म्हणतात की 1955 चा हिंदू विवाह कायदा तुम्हाला लागू आहे, म्हणून तुम्ही हिंदूच, त्यांनी त्या कायद्याचे दुसरे कलम उघडून वाचावे. तेथे धर्माने हिंदू असलेल्यांचा उल्लेख एका उपखंडात आणि धर्माने बौद्ध, जैन वा शीख असलेल्यांचा उल्लेख दुसऱ्या उपखंडात आहे. एक कायदा दोघांना लागू झाल्याने दोघे एक होत नाहीत.

बौद्धांसाठी दार उघडण्याच्या पाच वर्षे आधी, 1985 साली, सर्वोच्च न्यायालयापुढे आणखी एक माणूस उभा राहिला. त्याचे नाव सुसई. जातीने आदि द्रविड, धर्माने ख्रिस्ती, धंद्याने मद्रासच्या रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा. रस्त्यावर काम करणाऱ्या अनुसूचित जातींच्या चर्मकारांना विनामूल्य टपऱ्या देण्याची सरकारी योजना होती. त्याच्यासारख्याच कारागिरांना टपरी मिळाली, त्याला मिळाली नाही. कारण तो ख्रिस्ती. चामडे तेच, आरी तीच, ऊन तेच, आणि पायातली चप्पल दुरुस्तीला देऊन हात लांब धरणारे गिऱ्हाईकही तेच. फरक एवढाच की एकाने आपला धर्म बदलला होता. न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. ख्रिस्ती समाजातही या जातीच्या माणसांना तितक्याच तीव्रतेने हालअपेष्टा सोसाव्या लागतात, हे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर आलेला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

बंधूंनो, त्या माणसाला टपरी मिळण्याचा सोपा मार्ग मोकळा होता. "मी हिंदू" एवढे दोन शब्द कागदावर लिहिले असते तर पुरे होते. तसे न लिहिता, ख्रिस्ती म्हणूनच तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. "पोटासाठी बाटलेले" असे म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणाचे उत्तर द्यावे. पोटासाठी धर्म धरणारा माणूस पोटाची टपरी धर्मासाठी गमावीत नाही. जगाच्या मापाने त्याने तोटा करून घेतला. त्याच्या श्रद्धेच्या मापाने त्याने स्वतःला विकले नाही.

आता आपल्या घराकडे वळू.

दीक्षा घेतलेल्या एका कुटुंबातील वडील मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी आमच्याकडे आले होते. कागद चाळता चाळता ते थांबले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहायचे आणि जातीच्या रकान्यात जुनी जात लिहायची. मग आमची दीक्षा खोटी, की हा दाखला खोटा?" हा प्रश्न अनेकांच्या मनात आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे जाहीरपणे देतो. दोन्ही खरे आहेत, कारण दोन्ही निरनिराळ्या गोष्टी सांगतात. मारहाण झालेल्या माणसाला डॉक्टर जखमेचा दाखला देतो. तो दाखला न्यायालयात दाखल करून माणूस भरपाई मागतो. "जखमी" हे त्याचे नाव होत नाही, आणि दाखला फाडून टाकल्याने जखमही भरून येत नाही. जातीचा दाखला हा हजारो वर्षांच्या जखमेचा दाखला आहे. जखम करणाऱ्या समाजाकडून आणि तिची दखल घेणाऱ्या राज्याकडून भरपाई मागण्याचा तो पुरावा आहे. 1990 नंतर कायदा बौद्धाला तो हक्क बौद्ध म्हणूनच देतो. म्हणून धर्माच्या रकान्यात "हिंदू" लिहिण्याची लाचारी आता कोणालाही करावी लागत नाही. दाखला अवश्य घ्या. तो कपाटात नीट ठेवा. मात्र तो छातीवर लावून फिरू नका, आणि मुलाला "आपण कोण" हे शिकवताना तो त्याच्यापुढे धरू नका.

जखमेचा दाखला जर जखमेवरून द्यायचा असेल, तर जखमी माणूस कोणत्या देवळात, विहारात वा चर्चमध्ये जातो, हे विचारण्याचे कारण काय? 2007 साली रंगनाथ मिश्र आयोगाने हेच म्हटले आणि तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. 2022 साली या प्रश्नासाठी पुन्हा एक आयोग नेमण्यात आला. आमचे मत स्पष्ट आहे: संविधानाचा 25 वा अनुच्छेद सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देतो, जे राज्य "धर्म निवडा, पण निवडलात तर हक्क सोडा" असे म्हणते, ते एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेते.

यावर आपल्यातलेच काही सुज्ञ म्हणतात, "ख्रिस्ती आत आले तर आपला वाटा कमी होईल." ही भीती निराधार आहे असे म्हणून आम्ही ती उडवून लावीत नाही. जागा मोजक्या आहेत आणि गरजू पुष्कळ आहेत, हे सत्य आहे. त्यासाठी वाटा वाढवून मागण्याची लढाई लढली पाहिजे, आणि ती त्यांना बरोबर घेऊन लढली पाहिजे. पण "दार उघडल्यावर आत गर्दी होते" हे कारण दार बंद ठेवण्यास पुरेसे असेल, तर 1990 साली आपल्याविरुद्धही नेमके तेच कारण देता आले असते. काल ज्या न्यायाने आपण आत आलो, तो न्याय आज उंबऱ्यावर उभ्या असलेल्याला नाकारणे हे शीलवानाचे लक्षण नव्हे.

शेवटी, सर्वांत कठोर बोल आपल्यासाठीच. चर्चमधल्या भिंतीला नावे ठेवताना आपल्या विवाहमंडपात डोकवा. विहारात त्रिशरण म्हणणारे आपण सोयरीक जुळवताना सोमवंशी, बावणे, लाडवण, कोसरे अशी चौकशी करतो की नाही? मांग वा चांभार समाजातून दीक्षा घेऊन आलेल्या कुटुंबाला आपण मुलगी देतो की नुसताच "जय भीम" देतो? बदलीच्या गावी गेल्यावर भिंतीवरचे बाबासाहेब आतल्या खोलीत जातात आणि दर्शनी खोलीत फुलदाणी येते, असे घडत नाही काय? पोराला गुण कमी पडले, पोरगी सावळी निघाली, जावई कारकून मिळाला, म्हणून ज्या घरात मान खाली जाते, त्या घराने जुन्या मनूला हाकलून नवा मनू पाटावर बसवला आहे. जुना जन्म विचारत होता, नवा पगार विचारतो. माप तेच, फक्त तराजूचा मालक बदलला.

बावीस प्रतिज्ञांमध्ये आपण सर्व माणसे समान मानण्याचे व समता स्थापन करण्यासाठी झटण्याचे वचन दिले आहे, आणि आपला नवा जन्म होत असल्याचे मानले आहे. हे वचन न्यायालयात अंमलात आणता येत नाही. त्याची अंमलबजावणी आपल्या उंबऱ्याच्या आत, आपल्याच हातून व्हायची आहे. म्हणून प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने चार गोष्टी कराव्यात, अशी आमची कळकळीची विनंती आहे. जनगणनेच्या आणि शाळेच्या कागदावर धर्म बौद्ध असा निःसंकोच लिहावा. विवाह ठरवताना पोटजात विचारू नये व विचारणाऱ्यास उत्तर देऊ नये. मुलांना उपालीची कथा जातीच्या दाखल्याआधी सांगावी. आणि शेजारच्या वस्तीतील ख्रिस्ती कुटुंबाच्या हक्काचा प्रश्न निघेल, तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहावे. त्याच्या देवावर विश्वास नसला तरी त्याच्या माणुसकीवर असला पाहिजे.

उद्या पुन्हा कोणी विचारील, "ते ठीक, पण मूळचे कोण?" त्याला रागावू नका, आणि लाजूही नका. त्याला शांतपणे सांगा: मूळचे माणूस, आणि आचरणाने बौद्ध होण्याचा यत्न करणारे. त्याचे समाधान झाले नाही तर तो त्याचा प्रश्न आहे. त्याच्या तराजूत चढण्यासाठी आपण नागपूरला गेलो नव्हतो.

जय भीम!